रामटेक-मनसर : तळी, टेकड्या आणि मँगनीज

नागपूरच्या ईशान्येस सुमारे 50 किलोमीटरवर असलेल्या रामटेक-मनसर परिसरात यात्रेकरूंची डोंगरवाट, जुनी तळी आणि खनिजाच्या खाणी इतक्या जवळजवळ आहेत की पायी फिरणाऱ्याला अनेक शतकांचा इतिहास एका पट्ट्यातच पाहता येतो. रामटेकच्या डोंगरावर वाकाटककालीन मंदिरे असून पायथ्याशी अंबाळा तलाव आहे. मनसरच्या हिडिंबा टेकडीवर उत्खननात विटांच्या भव्य वास्तूचे अवशेष सापडले आणि अनेक संशोधक त्यांचा संबंध वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाच्या राजधानीशी, म्हणजे प्रवरपुराशी, जोडतात.

या प्राचीन भूमीला आधुनिक उद्योगाचे रूप मँगनीजमुळे आले. पोलाद तयार करताना त्यातील प्राणवायू व गंधक काढण्यासाठी आणि त्याला बळकटी देण्यासाठी हे खनिज लागत असल्याने 1896 मध्ये मध्य प्रांतात शोधकार्यासाठी एक ब्रिटिश संस्था स्थापन झाली, जी पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओर कंपनी म्हणून ओळखली गेली. भूवैज्ञानिक फरमोर यांनी 1909 मध्ये भारतातील मँगनीज साठ्यांवर विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला. मँगनीजयुक्त गार्नेट आणि गारगोटी यांच्या रूपांतरित खडकाला त्यांनी गोंड जमातीवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले.

1962 मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओर कंपनीची मालमत्ता ‘मॉइल’ या नव्या मँगनीज कंपनीकडे आली आणि 1977 मध्ये ‘मॉइल’ पूर्णपणे सरकारी झाली. मंदिरे आणि खाणी अशा शेजारी असल्यामुळे मनसर व जवळच्या कांद्री येथे मंदिराचा घंटानाद आणि खाणीचा भोंगा हे दोन्ही स्थानिक जीवनाचे भाग ठरले.