सातभाईंचा थवा आणि हेतूचा प्रश्न

पुण्याच्या पूर्वेस नगर रस्त्यावरील वाघोली हे गाव २०२१ मध्ये महानगरपालिकेत समाविष्ट झाले. अशा गावांच्या शिवारात, बाभळींखालचा पाचोळा उसकटीत आणि अखंड कलकलाट करीत हिंडणारा मातकट-राखी पक्ष्यांचा थवा मराठी माणसाच्या परिचयाचा आहे. यांस सातभाई म्हणतात. पुष्कळ पक्षिनामे रंगावरून वा आवाजावरून पडतात. हे मात्र नात्यावरून पडले. सात ही संख्या मोजून ठरविलेली नव्हे. पण एकटा पक्षी दिसला तरी तो 'सातभाई'च, ही गोष्ट भाषाभ्यासकाने ध्यानात घेण्याजोगी आहे. लोकभाषेने येथे व्यक्तीस नव्हे, समूहास नाव दिले.

शास्त्रीय नामकरणाची वाट निराळी होती. मुंबई सरकारच्या सांख्यिकी कामासाठी दख्खनभर हिंडलेल्या कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली व तीत मोठ्या राखी सातभाईस मुंबईचे माजी गव्हर्नर सर जॉन माल्कम यांचे नाव दिले. जात निश्चित करणे हेच त्या काळचे कार्य असल्यामुळे पिसांचा रंग व शरीराची मापे यांस प्राधान्य मिळाले, यात साइक्स यांस दोष देण्याचे कारण नाही.

समूहाकडे शास्त्राचे लक्ष वळण्यास पुढे शतक लागले. अलेक्झांडर स्कच यांनी १९३५ मध्ये 'घरट्यातील साहाय्यक' ही कल्पना मांडली: जन्मदात्यांखेरीज इतर पक्षीही पिलांस भरवितात. ॲन्थनी गॅस्टन यांचे दिल्लीकडील जंगली सातभाईंवरील संशोधन १९७७-७८ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. इस्रायलच्या वाळवंटात आमोत्झ झहावी यांनी त्याच दशकात अरबी सातभाईंचा अभ्यास आरंभिला. आजच्या वर्गीकरणानुसार हा पक्षी आपल्या सातभाईंच्याच प्रजातीत, म्हणजे 'आर्ग्या'मध्ये, मोडतो. पहारा देणारा पक्षी त्यागी नसून थव्यातील आपली प्रतिष्ठा वाढवीत असतो, हे झहावींचे मत चमकदार खरे. परंतु त्याने संज्ञापनाचा प्रश्न सुटत नाही.

तो सोडविण्याची कसोटी पक्षिशास्त्राने नव्हे, बालभाषेच्या अभ्यासाने पुरविली. एलिझाबेथ बेट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये बोलू न लागलेल्या मुलांचे हावभाव तपासले. मूल वस्तूकडे हात करते, मोठ्याच्या तोंडाकडे पाहते, प्रतिसाद न मिळाल्यास पुन्हा खूण करते किंवा खूण बदलते. तेव्हाच तीस सहेतुक म्हणावे. हीच कसोटी यित्झाक बेन मोखा, रॉजर मुंद्री व सिमोन पिका यांनी अरबी सातभाईंस लावली आणि संयुक्त अवधानाविषयीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. मीलनेच्छू पक्षी काडीसारखी एखादी वस्तू चोचीत धरून जोडीदारास दाखवितो, इतरांच्या दृष्टीआड चालू लागतो, मागे वळून पाहतो, थांबतो आणि जोडीदार न आल्यास पुन्हा दाखवितो.

हे साहचर्याने जडलेल्या सवयीचेही फळ असू शकेल, असा आक्षेप उरतोच. तो फेटाळता येत नाही. मात्र तोच आक्षेप नऊ-दहा महिन्यांच्या मुलासही लावावा लागेल, हे विसरता कामा नये. सेरा हर्डी यांनी २००९ मध्ये सामूहिक संगोपनातून मानवाची परस्परांचे मन जाणण्याची शक्ती वाढली असे प्रतिपादिले. वानरकुळाशी दूरचाच संबंध असलेल्या पक्ष्यात तसेच काही आढळले तर त्या मतास स्वतंत्र आधार मिळतो. याच कारणाने काडीचा हा प्रश्न भाषेच्या उगमापर्यंत जाऊन भिडतो.

एक विसंगती मात्र लक्षणीय आहे. सातभाईंची ख्याती त्यांच्या कलकलाटाची. तथापि भयसूचक आरोळी ऐकणाऱ्याने ती ऐकली की नाही, हे ओरडणारा पाहतोच असे नाही. म्हणून हेतूची साक्ष म्हणून ती दुबळी ठरते. भक्कम साक्ष मिळाली ती काडी दाखवून मागे वळून पाहणाऱ्या पक्ष्याकडून, आणि तीही थव्यापासून लपून केलेल्या खुणेत.