श्यावदंत

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातला सोळावा अध्याय मुखरोगांचा आहे. त्यात दातांचे आठ रोग सांगितले आहेत. त्यांतला एक श्यावदंतक. रक्तात मिसळलेल्या पित्ताने दात जळतो आणि सगळाच्या सगळा काळपट किंवा निळसर होतो, एवढेच त्याचे लक्षण. हा श्लोक मी प्रथम वाचला तेव्हा पुस्तक मिटून बाजूला ठेवले. तसा दात मी घरात रोज पाहत वाढलो होतो. माझ्या थोरल्या बहिणीचा, वरचा, समोरचा, डावीकडचा.

१९७७ सालचा मे महिना. मी सात वर्षांचा, ताई तेरा. ती ओसरीवर गहू निवडत बसली होती आणि मी अंगणात विटी टोलवली. ती थेट तिच्या तोंडावर बसली. दात पडला नाही, नुसता हलला. आईने हळद-मीठ लावले, दोन दिवस ताईला भाताची पेज दिली. दात वाचला म्हणून सगळ्यांना हायसे वाटले. पुढे काही आठवड्यांनी तो आधी गुलाबी, मग राखी दिसू लागला आणि दिवाळीपर्यंत पाटीसारखा झाला. मला कोणी रागावले नाही. रागावले असते तर बरे झाले असते, असे आता वाटते.

मी पोस्टातला माणूस. संस्कृत शिकलो ते शब्दकोश मांडीवर घेऊन, रविवारी. त्यामुळे विद्यापीठातल्या अभ्यासकाला जे एका दिवसात सापडते त्याला मला वर्ष लागते. पण वाटेत इतर बरेच हाती लागते. 'श्यावदंत' हा शब्द शोधत मी वैद्यकातून धर्मशास्त्रात जाऊन पोहोचलो. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाला बोलावू नये अशा ब्राह्मणांची लांबलचक यादी आहे. तीत वाईट नखांच्या माणसाशेजारी काळ्या दातांचा माणूस बसवला आहे. अकराव्या अध्यायात त्याचे कारणही दिले आहे : गेल्या जन्मी जो सुरा प्याला त्याचे दात या जन्मी काळे. याज्ञवल्क्यस्मृतीही हेच सांगते. म्हणजे वैद्य ज्याला रोग म्हणतो, त्यालाच स्मृतिकार पापाची खूण ठरवतो. सुश्रुताच्या श्लोकात मार लागल्याचा उल्लेख नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण त्याने पित्ताला रक्ताची जोड दिली आणि दोष त्या माणसाच्या पूर्वजन्मात शोधला नाही, याचे मला मोल वाटते. मात्र चिकित्सास्थानात दातांच्या असाध्य रोगांची नावे येतात, तिथे दालन आणि भंजन यांच्याबरोबर श्यावही आहे.

१९८५ साली ताईला पाहायला आलेल्या मंडळींनी ही पुस्तके वाचली नसणार. पोहे झाले, प्रश्न झाले. मग त्यांच्यातल्या एक बाई गोड आवाजात म्हणाल्या, "जरा हस ना गं." ताई हसली. आठ दिवसांनी नकार आला. पुढच्या मंडळींपुढे ती पदर तोंडाशी धरूनच बसली. तिचे लग्न झाले, चांगले झाले, पण चार वर्षांनी.

याच गावात शंभर वर्षांपूर्वी ती गेली असती तर तिचा दात कोणाच्या डोळ्यांवर आला नसता. माझी आजी सांगे, तिच्या सासूबाईंचे सगळे दात काळे कुळकुळीत होते. मशेरीने नव्हे, दातवणाने. दातवण म्हणजे हिराकस, हिरडा वगैरे घालून केलेली पूड. हिराकशीतले लोह आणि हिरड्यातला तुरटपणा एकत्र आला की पक्का काळा रंग तयार होतो. जुनी शाई याच तत्त्वावर होत असे. सवाष्णीला ते शोभे. जपानातही लोखंडाच्या पाण्यात मायफळासारख्या गाठींची पूड मिसळून दात काळे करीत. तिथल्या सरकारने १८७० मध्ये सरदार घराण्यांना ते बंद करायला लावले आणि १८७३ मध्ये सम्राज्ञीने स्वतः सोडून दिले. आपल्याकडे हुकूम वगैरे कोणी काढला नाही. दातवण आपोआप विसरले गेले. मग पांढऱ्या बत्तिशीत एक काळा दात उठून दिसू लागला.

त्या एका दाताचा काळेपणाही लोहाचाच. मार बसला की दाताच्या पोकळीतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. दाताच्या आतल्या भागात हजारो सूक्ष्म नळ्या असतात, त्यांत ते शिरते. तांबड्या पेशी फुटतात, रक्तातले लोह मोकळे होते; जंतूंनी सोडलेल्या गंधकाशी त्याचा संयोग झाला की काळा लोह-सल्फाइड बनतो. डाग पाठीवर नसून पोटात असतो. म्हणूनच राखुंडी, मीठ, लिंबू यांपैकी काहीही चालत नाही. ताईने हे सगळे करून पाहिले होते. लिंबाने तर दात आंबले तेवढे.

या डागाला पहिला उतारा नोंदलेला आढळतो तो १८४८ साली, अमेरिकेत. ड्विनेल नावाच्या दंतवैद्याने मेलेल्या दातात चक्क क्लोराइड ऑफ लाइम वापरले. हे म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर. आमच्या आडात ग्रामपंचायतीचा माणूस दर पावसाळ्यात बादलीभर कालवून ओतायचा, तीच. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने १७९९ मध्ये तिचे पेटंट घेतले ते कापडासाठी. त्याआधी कापड महिनोन् महिने कुरणात उन्हात पसरून पांढरे करावे लागे.

इथे मला एक धागा सापडला, तो मी वाचकांपुढे ठेवतो. दात पांढरा करणारा माणूस नेहमी परटाच्या मागून चालत आला आहे. रोममध्ये कापड धुणारे शिळे मूत्र वापरत. कवी कातुल्लुसने एग्नातियुस नावाच्या माणसाची टर उडवली ती त्याच द्रवाने दात घासून चमकवतो म्हणून. कापडाला क्लोरीन लागला, दाताला लागला. फिलाडेल्फियाच्या जेम्स ट्रुमनने १८६४ मध्ये त्याच पावडरीवर ॲसेटिक ॲसिड घालून क्लोरीन दातात सोडला. (याच ट्रुमनने जर्मनीहून आलेल्या हेन्रिएट हिर्शफेल्डला दंतवैद्यकाच्या कॉलेजात प्रवेश मिळावा म्हणून बाजू लढवली; ती १८६९ मध्ये पदवीधर झाली. माणूस मला आवडला.) शाईचे आणि गंजाचे डाग काढणारे ऑक्झॅलिक ॲसिडही दातापर्यंत आले. तेनारने १८१८ मध्ये शोधलेला हायड्रोजन पेरॉक्साइड दंतवैद्य हार्लनने १८८४ मध्ये वापरला. आणि आज जो उपाय चालतो त्यातला सोडियम परबोरेट १९०७ मध्ये जर्मनीत 'पर्सिल' या धुण्याच्या पावडरीत आला होता. त्या नावातला 'पर' परबोरेटचा. दाताच्या उपचारात तो पुढे आला. १९६१ साली स्पासरने तो पाण्यात कालवून दाताच्या पोकळीत भरला, वरून बंद केले आणि रोग्याला घरी पाठवले. औषध दातात, माणूस हिंडता-फिरता. इंग्रजीत त्याला चालते ब्लीच म्हणतात.

दोन वर्षांनी नटिंग आणि पो यांनी पाण्याऐवजी जहाल पेरॉक्साइड घेतला. काम झटपट झाले. पण १९७९ मध्ये हॅरिंग्टन आणि नॅटकिन यांनी दाखवून दिले की अशा काही दातांची मुळे हिरडीजवळ बाहेरून झिजत गेली. आता पुष्कळ दंतवैद्य पुन्हा साध्या पाण्याकडे वळले आहेत.

हे सगळे टिपून झाल्यावर, गेल्या वर्षी, मी वही घेऊन ताईकडे गेलो. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे मी आठवीत होते तेव्हा हे होतं?" होते. साल १९६१ की हो. आपल्या तालुक्यात नव्हते, आणि आम्ही कोणी विचारलेही नव्हते.

तालुक्याच्या गावी एक तरुण डॉक्टरीणबाई आहेत. त्यांनी एक्स-रे काढला. मुळाच्या टोकाशी थोडी सूज होती, म्हणून आधी रूट कॅनाल. मग हिरडीच्या पातळीखाली सिमेंटचा बांध घातला, औषध मुळाकडे झिरपू नये म्हणून, आणि वर परबोरेटचा लगदा. दर आठवड्याला बदलायचा. इतक्या जुन्या डागाचा भरवसा देता येत नाही, हे त्यांनी आधीच सांगितले. पहिल्या आठवड्यात काही दिसले नाही. दुसऱ्यात दात राखी झाला, जणू काळ उलटा चालला होता. तिसऱ्यात पिवळसर. मी म्हटले, अजून एकदा करू या का. डॉक्टरीणबाई हसल्या. "काका, बाकीचे दात साठीचे आहेत. याला एकट्याला तेरा वर्षांचा करून काय करू?"

परतीच्या एसटीत ताई खिडकीशी बसली होती. काचेत बघत होती का बाहेर, ते मला कळले नाही. कंडक्टरने तिकिटाचे पैसे मागितले, सुट्ट्यावरून काहीतरी विनोद केला. ताई हसली, आणि हसताना पदर तोंडाशी गेला.