आयटीचा शेअर पडला, विकू की ठेवू? अमळनेरचा दाखला काय सांगतो

रत्नागिरी : आंब्याच्या पट्टीतले चार पैसे हल्ली शेअर बाजारातही जातात. पण आयटी कंपनीचा शेअर आठवड्यात दहा टक्के पडला की घरात एकच प्रश्न, विकायचा की ठेवायचा?

ठेवल्याने काय झालं?
जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला १९४५ मध्ये वनस्पती तुपाची कंपनी सुरू झाली. तीच आजची विप्रो. गावातल्या अनेक कुटुंबांनी तिचे शेअर घेतले आणि पिढ्यान् पिढ्या सांभाळले. १९६६ मध्ये सूत्रं घेतलेल्या अझीम प्रेमजींनी कंपनी पुढे संगणक व्यवसायात नेली. १९९७ च्या बोनसआधी ज्याच्याकडे १०० शेअर होते, त्याचे बोनस आणि विभाजन धरून २०२४ अखेर ८० हजार झाले.

दुसरी बाजू
२००० च्या सुरुवातीला विप्रोचा भाव आकाशाला भिडला आणि पुढच्या दीड वर्षात पाव हिश्श्याच्याही खाली आला. त्या चढ्या भावाला घेणाऱ्यांचं मुद्दल दहा वर्षांनीही भरून निघालं नव्हतं. म्हणजे नुसतं धरून बसणं पुरत नाही, कोणत्या भावाला घेतला तेही महत्त्वाचं.

घसरण कसली ते बघा
- बोनस : डिसेंबर २०२४ मध्ये विप्रोने एकास एक बोनस दिला. भाव निम्मा दिसला, पण शेअर दुप्पट झाले. हा तोटा नव्हे.
- बाजाराची हवा : अमेरिकेतली मंदी, डॉलरचा दर यांनी सगळेच आयटी शेअर हलतात. कंपनीची कामं आणि नफा टिकून असेल तर घाई नको.
- कंपनीतच खोट : ७ जानेवारी २००९ ला सत्यमच्या अध्यक्षांनी हिशेबातला घोटाळा कबूल केला. शेअर एका दिवसात तीन चतुर्थांशाहून जास्त कोसळला. इथे 'थांबू या' म्हणणं महागात पडतं.

पैसा कुठला?
जूनमधली शाळेची फी, घराची डागडुजी किंवा पीककर्जाचा हप्ता यांचा पैसा शेअरमध्ये नकोच. गरज नेमकी पडत्या भावात आली तर नाइलाजाने विकावं लागतं.

कागद सांभाळा
आजोबांच्या ट्रंकेत शेअरचे जुने कागद असतील तर फेकू नका. सलग सात वर्षं लाभांश घेतला नाही तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे जातात. वारसांना अर्ज करून ते परत मिळवता येतात.