अंडाशय-शिरेतील अकारण रक्तगुठळी : निदान आणि उपचार

अंडाशयातील रक्त हृदयाकडे परत नेणारी वाहिनी ती अंडाशय-शिरा. तिच्या पोकळीत रक्त गोठून प्रवाह अंशतः वा पूर्णतः अडणे, ही प्रस्तुत व्याधी. प्रसूती, ओटीपोटातील जंतुसंसर्ग, शस्त्रक्रिया आणि कर्करोग ही तिची प्रमुख ज्ञात कारणे. यांपैकी वा अन्य कोणतेही कारण शोधाअंती न आढळल्यास गुठळी 'अकारण' ठरते. 'शोधाअंती' हे पद या व्याख्येचा अविभाज्य भाग आहे.

गुठळी तीन हेतूंनी होते : (१) प्रवाहाची मंदता, (२) शिराभित्तीची इजा, (३) रक्ताची वाढीव गोठणशीलता. प्रसूतीत तिन्ही एकत्र येतात. वैद्यकीय साहित्यात १९५६ साली ऑस्टिन यांनी वर्णिलेली व्याधीही प्रसूतीनंतरचीच होती. अशा बहुतेक गुठळ्या उजवीकडे आढळतात. कारण उजवी शिरा अधोमहाशिरेस थेट मिळते आणि गर्भभारित गर्भाशय उजवीकडे कलून तिच्यावर दाब आणतो. डावी शिरा डाव्या वृक्कशिरेस मिळते. म्हणून डाव्या गुठळीत वृक्कशिरा व मूत्रपिंड यांचे परीक्षण अनिवार्य होय. अकारण भासणाऱ्या गुठळीत पहिले दोन हेतू स्पष्ट दिसत नाहीत, म्हणून तिसऱ्याचा शोध प्रधान ठरतो.

लक्षणे निर्णायक नसतात. ओटीपोटात वा कुशीत वेदना आणि क्वचित ज्वर यांवरून अपेंडिक्सचा दाह, मूतखडा, मूत्रपिंडाचा संसर्ग वा अंडाशयाला पडलेला पीळ यांचाच संशय प्रथम येतो. रक्तचाचणीत डी-डायमर वाढलेले असले तरी ते व्याधीचे स्थान सांगत नाही. डॉप्लर सोनोग्राफीत आतड्यातील वायूमुळे शिरा झाकली जाते. तिचा नकारात्मक अहवाल गुठळी नाकारण्यास पुरेसा नाही. निर्णय कॉन्ट्रास्टसह सीटी स्कॅन वा एमआरआयवर अवलंबतो. मात्र चित्रण योग्य कालावस्थेत झाले पाहिजे. कॉन्ट्रास्ट शिरांत पोहोचण्यापूर्वी घेतलेल्या चित्रात त्याविना असलेले रक्त गुठळीसारखे भासते. शिरा फुगलेली, मध्यभाग कॉन्ट्रास्ट न घेणारा आणि भित्ती उजळलेली असल्यास निदान दृढ होते. मध्यभागच कॉन्ट्रास्ट घेत असल्यास शिरेत शिरलेल्या अर्बुदाचा विचार करावा.

यानंतर कारणशोध. प्रथम इतिहास : संततिनियमनाच्या वा अन्य इस्ट्रोजेनयुक्त गोळ्या, पूर्वीचे गर्भपात, कुटुंबातील गुठळ्या. नंतर वयानुरूप कर्करोग-तपासणी. रक्तातील दोषांच्या चाचण्यांत वेळेचे भान सर्वाधिक महत्त्वाचे आहे, आणि प्रत्यक्षात त्याचीच उपेक्षा होते. ताज्या गुठळीत प्रोटीन सी, प्रोटीन एस व अँटिथ्रॉम्बिन यांच्या पातळ्या घटू शकतात. वॉरफॅरिन पहिल्या दोहोंना, हेपॅरिन तिसऱ्यास उतरवते. अशा वेळी काढलेला निष्कर्ष स्त्रीवर आयुष्यभराचा चुकीचा शिक्का मारू शकतो. फॅक्टर पाच लायडेन व प्रोथ्रॉम्बिन यांच्या जनुकीय चाचण्यांस ही मर्यादा नाही. अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे आढळल्यास किमान १२ आठवड्यांनी पुनर्तपासणी आवश्यक होय.

उपचारार्थ दोन प्रकार वेगळे करावेत. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर स्कॅनमध्ये योगायोगाने दिसलेली लक्षणरहित गुठळी (ही अकारण नव्हे) बहुधा निरीक्षणावर ठेवता येते. लक्षणे असलेली, अधोमहाशिरेत वा वृक्कशिरेत पसरलेली, किंवा फुप्फुसात गुठळी गेलेली असल्यास, रक्तस्रावाचा धोका तपासून गोठणरोधक औषध द्यावे : आरंभी हेपॅरिन, पुढे वॉरफॅरिन वा थेट परिणाम करणाऱ्या गोळ्या, सामान्यतः ३ ते ६ महिने. प्रतिजैविके संसर्गाचा पुरावा असेल तरच. अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांच्या तीन प्रचलित चाचण्या तिन्ही सकारात्मक असल्यास वॉरफॅरिनच श्रेयस्कर.

मुदतीनंतर औषध थांबवावे की नाही, हे स्थायी दोष, गुठळीचा विस्तार आणि रक्तस्रावाचा धोका यांवरून ठरवावे. शिरा पुन्हा मोकळी झाली की नाही, यावरूनच नव्हे. इस्ट्रोजेनयुक्त गोळ्या टाळून संततिनियमनाचा अन्य उपाय सुचवावा. वॉरफॅरिन गर्भास अपायकारक असल्याने गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रीस त्याची पूर्वकल्पना द्यावी आणि गर्भावस्थेत व प्रसूतीनंतर हेपॅरिनची योजना आधीच आखून ठेवावी.