विकीर्ण आलेखातील गट-ठळकीकरण

विकीर्ण आलेखातील गट-ठळकीकरण ही विदा-दृश्यीकरणातील एक पद्धत आहे. विकीर्ण आलेखात म्हणजेच स्कॅटर चार्टमध्ये प्रत्येक नोंद एका बिंदूने दाखवली जाते. वाचकाने एखादा गट निवडताच त्या गटाचे बिंदू गडद रंगात उठून दिसतात आणि उर्वरित बिंदू फिकट होऊन पार्श्वभूमीला राहतात. निवड बदलली की आलेखही तत्काळ बदलतो.

इतिहास

१९७०च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेतील स्टॅनफर्ड रेषीय त्वरक केंद्रात मेरी अ‍ॅन फिशरकेलर, जेरोम फ्रीडमन व जॉन टुकी यांनी 'प्रिम-९' ही संगणकप्रणाली विकसित केली. नऊ चलांपर्यंतच्या विदेतील उपगट वेगळे करून पाहण्याची सोय तीत होती. १९८७ साली रिचर्ड बेकर व विल्यम क्लीव्हलंड यांनी 'टेक्नोमेट्रिक्स' या नियतकालिकात 'ब्रशिंग' तंत्राचे विवेचन केले. यात पडद्यावर फिरणाऱ्या आयताखाली येणारे बिंदू शेजारच्या सर्व आलेखांतही ठळक होतात.

गाळणी आणि ठळकीकरण

गाळणी लावल्यास निवडीबाहेरचे बिंदू नाहीसे होतात. अक्षांचे मापन स्वयंचलित असेल, तर तेही बदलते. त्यामुळे दोन गटांची चित्रे एकाच मापाची राहत नाहीत. ठळकीकरणात सर्व बिंदू व अक्ष कायम राहतात आणि निवडक गट संपूर्ण समूहात कोठे आहे हे कळते.

उदाहरण

एडगर अँडरसन यांनी मोजलेल्या व रोनाल्ड फिशर यांनी १९३६ साली वापरलेल्या आयरिस फुलांच्या विदेत तीन जातींची प्रत्येकी ५० फुले आहेत. सेटोसाच्या पाकळ्यांची लांबी १.० ते १.९ सेंमी असल्याने तिचा पुंजका स्वतंत्र दिसतो. व्हर्सिकलर (३.० ते ५.१ सेंमी) व व्हर्जिनिका (४.५ ते ६.९ सेंमी) यांची व्याप्ती मात्र एकमेकींत शिरते. केवळ व्हर्सिकलर गाळून पाहिल्यास ही सरमिसळ दिसत नाही, आणि पाकळीच्या लांबीवरूनच जात निश्चित ओळखता येते असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो.

कार्यपद्धती

एक्सेलमध्ये सर्व नोंदींची एक मालिका फिकट करड्या रंगात काढतात. एका कक्षात गटांची निवडसूची ठेवून साहाय्यक स्तंभात सूत्र लिहितात. नोंदीचा गट निवडलेल्या गटाशी जुळल्यास सूत्र मूळ मूल्य देते, अन्यथा 'एनए' हे त्रुटिमूल्य देते. हा स्तंभ दुसरी मालिका म्हणून त्याच आलेखावर चढवला जातो. त्रुटिमूल्याचा बिंदू काढला जात नाही; त्याऐवजी रिकामा मजकूर ठेवल्यास तो शून्य धरला जाऊन खोटे बिंदू उमटतात.

पॉवर बीआयमध्ये स्लायसर सामान्यतः गाळणीचे काम करतो. म्हणून गटांच्या नावांचे, मूळ विदेशी न जोडलेले कोष्टक तयार करून त्यावर स्लायसर बसवतात आणि बिंदूचा रंग ठरवणारे मेजर लिहितात.

मर्यादा

ठळक बिंदू वरच्या थरात असल्याने खालचे बिंदू झाकले जातात आणि निवडलेला गट प्रत्यक्षापेक्षा मोठा भासू शकतो. अर्धपारदर्शक रंगांनी हा दोष कमी होतो. तांबडा-हिरवा भेद न कळणाऱ्या वाचकांसाठी रंगाबरोबर आकार किंवा छटेचाही फरक ठेवणे आवश्यक असते. छापील अहवालात निवडीची सोय नसते. तेथे प्रत्येक गटासाठी समान अक्षांचे स्वतंत्र लघुआलेख शेजारी-शेजारी देता येतात.