शिक्का, मोर्तब आणि माझी दीड वर्षाची "तात्पुरती" किल्ली

मंडळी, नळदुर्ग आमचं गाव. पुण्यात कितीही वर्षं काढली तरी श्रावणात गावी एक चक्कर होतेच, आणि गावी गेलं की किल्ल्यावर. गेल्या खेपेला भाच्यांना घेऊन पाणीमहालात उतरत होतो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहच्या काळात बोरी नदीवर बांधलेल्या धरणाच्या पोटातली ही दालनं. वरून पाणी कोसळतं आणि आत माणूस कोरडा! (पाहिलं नसेल तर एकदा जाच.) नेमका तेव्हाच ऑफिसातल्या मित्राचा फोन. "अरे, आपली सिक्रेट की कोडच्या रेपॉझिटरीत दिसतेय. कुणी टाकली?"

मीच टाकली होती.

आमचा एक जॉब रोज पहाटे चालतो. डेटाबेसमधून आदल्या दिवसाच्या नोंदी काढायच्या, फाईल बनवायची आणि क्लाऊडवर ठेवून द्यायची. त्यासाठी लागणारी की मी "तात्पुरती" म्हणून स्क्रिप्टमध्येच लिहिली होती. तात्पुरती म्हणजे दीड वर्षं. मग काय, किल्ला अर्धा सोडून घर गाठलं आणि रेंज येते त्या गच्चीच्या कोपऱ्यात लॅपटॉप मांडून बसलो. नुसती ओळ खोडून भागत नाही, कारण रेपॉझिटरीच्या इतिहासात ती राहतेच. म्हणून जुनी की रद्द केली, नवी काढली आणि संध्याकाळपर्यंत लॉग चाळले. नशिबानं कुणी हात घातला नव्हता.

रात्री झोप येईना. पडल्यापडल्या आठवला तो शिक्कामोर्तब हा शब्द. आपण तो एका दमात म्हणतो, पण मुळात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवकालीन पत्रात वर मुख्य शिक्का असतो आणि मजकूर संपला की खाली मोर्तबाचा छोटा शिक्का. पहिला सांगतो, पत्र कुणाचं. दुसरा सांगतो, मजकूर इथं संपला, याखाली कुणी ओळ घुसडायची नाही. पत्र लांब असलं तर कागदाला कागद चिकटवायचे आणि जोडावरही शिक्का उठवायचा, म्हणजे मधला कागद कुणाला बदलता येऊ नये. आणि मुख्य गोष्ट ही की गावोगाव फिरायचं ते पत्र. शिक्का मात्र दरबारातच राहायचा.

आता गंमत बघा. ॲमेझॉननं १४ मार्च २००६ रोजी एस-थ्री ही साठवणीची सेवा सुरू केली, तिची रीत हीच. सिक्रेट की विनंतीसोबत पाठवायचीच नाही. तिच्यावरून गणित करून प्रत्येक विनंतीवर एक सही उठवायची आणि फक्त सही पाठवायची. विनंतीत वेळही लिहिलेली असते, ती १५ मिनिटांपेक्षा जास्त चुकली की विनंती परत. पत्र जातं, शिक्का घरीच!

अडचण वेगळीच होती. सुरुवातीला खात्याला एकच मालकाची किल्ली असायची. म्हणजे जो जॉब फाईल ठेवणार, त्याच्याच हातात सगळं उडवायची ताकद. २०११ मध्ये आयएएम सगळ्यांना खुलं झालं आणि प्रत्येकाला वेगळी ओळख, मोजके अधिकार देता येऊ लागले. जून २०१२ मध्ये सर्व्हरसाठी 'रोल' आले. सर्व्हर स्वतःच काही तासांपुरती की मागून घेतो, मुदत संपली की ती बाद. माणसानं ती कुठं लिहून ठेवायची गरजच नाही.

सोय आली म्हणून सवय जात नाही. २०१६ मध्ये उबरच्या ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली. चोरांना एस-थ्रीची की सापडली ती उबरच्याच खासगी गिटहब रेपॉझिटरीत. सहीचं गणित कुणी फोडलं नव्हतं हो! शिक्काच पत्राच्या पाकिटात घालून ठेवला होता. अगदी माझ्यासारखा.

सोमवारी पुण्यात येऊन पहिलं काम केलं. आमचा सर्व्हर ॲमेझॉनच्याच मुंबईतल्या केंद्रात आहे, त्याला रोल लावला. अधिकार एकच: अमुक बकेटमधल्या अमुक फोल्डरात फाईल ठेवणं. वाचणं नाही, पुसणं नाही. पण ठेवण्याच्या परवानगीत जुन्या फाईलवर नवी लिहायची मुभाही येते, म्हणून व्हर्जनिंग चालू केलं. गच्चीवर घाईघाईनं काढलेली ती नवी कीसुद्धा रद्द केली. एवढ्या सगळ्याला दीड तास लागला. दीड वर्ष मी हाच दीड तास वाचवत होतो!

भाच्याला फोनवर हे सगळं शिक्क्याच्या भाषेत सांगितलं. तो म्हणाला, "मामा, मग आता शिक्का कुणाकडंय? तुझ्याकडं?"

म्हटलं, नाही रे बाबा. आता माझ्याकडं नाही, हेच बरंय.

असो. अर्धा किल्ला बघायचा राहिलाय, तो पुढच्या पावसाळ्यात. फोन घरी ठेवून जाणार आहे.