मोजलेले गाव

शेतकरी कर्जात का बुडतो, हा प्रश्न आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चघळला गेला आहे. पारावर बसलेल्या चार जणांना विचारून पाहा, पाच उत्तरे मिळतील. सावकार नडला, लग्नात पैसा उडाला, पाऊस दगा देतो, भाऊबंदकीने घर खाल्लं. प्रत्येक उत्तर थोडंथोडं खरं असतं, म्हणूनच ते वादात टिकतं आणि वाद काही मिटत नाही.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी लोकांनी सावकारांची घरं-दुकानं फोडली, कर्जरोखे बाहेर काढून त्यांची होळी केली. दंग्याचे लोण आजूबाजूच्या गावांत पसरलं. सरकारने चौकशी-मंडळ नेमलं आणि १८७९ साली शेतकऱ्यांना कर्जापासून सवलत देणारा कायदा केला. पुढे १८८३ साली महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. सरकारी कचेरी, धर्मकृत्यांच्या नावाखाली होणारा खर्च आणि विद्येचा अभाव ही तिन्ही दुखणी एकमेकांत कशी गुंतली आहेत, हे त्यांनी रोखठोक मांडलं. अर्थशास्त्र वेगळं, धर्म वेगळा, शिक्षण वेगळं, अशी कप्प्यांची विभागणी फुल्यांना मान्य नव्हती. शेतकऱ्याच्या घरात ती नसतेच.

पण मंडळी, एक गोष्ट अजून कोणी केली नव्हती. एका गावात जाऊन, घराघरांत बसून, या घरात वर्षाकाठी येतं किती आणि जातं किती, हा साधा हिशेब सबंध गावाचा कोणी मांडला नव्हता.

तो मांडला एका रसायनशास्त्रज्ञाने. डॉ. हॅरल्ड मॅन हे पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे प्रिन्सिपॉल. त्याआधी आसामात चहाच्या मळ्यांसाठी संशोधन करीत होते. माती तपासणं हे त्यांचं मूळ काम. मातीचा माणूस माणसांच्या हिशेबात कसा शिरला, याचं मला नेहमी कौतुक वाटतं. पण विचार केला तर त्यात नवल नाही. मातीत नत्र किती हे कळलं, तरी ती माती ज्याच्या हातात आहे त्याच्याजवळ बैल आहे की नाही, हे कळल्यावाचून त्या नत्राचा उपयोग काय?

पुण्याजवळ पवना नदीच्या काठी पिंपळे सौदागर नावाचं गाव आहे. ते त्यांनी निवडलं. बरोबर सहस्रबुद्धे, कानिटकर, तम्हाणे ही आपली मंडळी होती. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुस्तकावर साहेबाचं नाव मोठं दिसतं. पण कुणब्याच्या ओसरीवर बसून, त्याच्या बोलीत त्याला बोलतं करायचं, कर्जाचा आकडा काढून घ्यायचा, हे मराठी बोलणाऱ्या माणसांवाचून होणारं काम नव्हे. कर्जाचा खरा आकडा माणूस सख्ख्या भावालाही सांगत नाही! १९१७ साली मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र-मालेत हे पुस्तक इंग्रजीत निघालं. दख्खनच्या एका गावातील जमीन आणि श्रम, असा त्याच्या नावाचा अर्थ.

आता आकड्यांकडे येऊ. आकडे म्हटले की कंटाळा येतो, पण हे आकडे ऐकण्यासारखे आहेत.

१७७१ साली, म्हणजे थोरल्या माधवरावांच्या पेशवाईत, या गावात सरासरी खातं ४० एकरांचं होतं. १८१८ साली, पेशवाई बुडाली तेव्हा, ते साडेसतरा एकरांवर आलं. १८२० ते १८४० या काळात १४ एकर. आणि १९१४-१५ साली ७ एकर. दीडशे वर्षांच्या आत चाळिसाचे सात झाले.

बरं, हे सात एकर तरी एका जागी होते का? नाही. गावात जमिनीचे धनी १५६, आणि त्यांच्या जमिनीचे तुकडे ७२९. म्हणजे एकेकाच्या वाट्याला चार-पाच तुकडे, तेही विखुरलेले. त्यांपैकी ४६३ तुकडे एकराहून लहान होते, आणि ११२ तर पाव एकराहूनही, म्हणजे दहा गुंठ्यांहूनही लहान.

हे असं का झालं, ते तुम्हां ग्रामीण मंडळींना मी सांगायला नको. बाप गेला, तीन भाऊ वेगळे झाले. नदीकाठची काळी एकाने घ्यायची आणि माळावरची मुरमाड दुसऱ्याने, हे कोणाला पटणार? म्हणून काळीचेही तीन तुकडे, मुरमाडीचेही तीन. शहरातला शहाणा याला अडाणीपणा म्हणतो. मला तसं वाटत नाही. त्यात न्यायाची एक जाण आहे, पावसाचा धोका वाटून घेण्याचं शहाणपणही आहे. पण दर पिढीला तेच होत गेलं, की शेवटी बांधच वाढतात. औत वळवायला जागा पुरत नाही आणि दहा गुंठ्यांसाठी विहीर कोणी खणत नाही.

मग मॅन आणि मंडळींनी घरांचा हिशेब घेतला. १०३ कुटुंबं होती. जमिनीचं उत्पन्न किती, बाहेरची मजुरी किती, कर्जाचं व्याज किती जातं, आणि गावकऱ्यांच्याच राहणीप्रमाणे अन्नवस्त्राला लागतं किती. साहेबाच्या राहणीची फूटपट्टी त्यांनी लावली नाही, ही गोष्ट महत्त्वाची. एवढं करून काय निघालं? केवळ शेतीवर नीट उभी असलेली कुटुंबं फक्त ८. शेतीला बाहेरच्या कामाची जोड देऊन तोल सांभाळणारी २८. उरलेल्या ६७ घरांचा मेळ बसतच नव्हता. शंभरात पासष्ट घरं!

लग्नकार्याच्या उधळपट्टीला नावं ठेवणाऱ्यांनी या आकड्यापाशी थोडं थांबावं. ती उधळपट्टी वाईट खरीच. पण ज्या घरात रोजची भाकरी, अंगावरचं कापड आणि व्याज यांचीच तोंडमिळवणी होत नाही, ते घर लग्न काटकसरीने केल्याने कर्जातून वर येईल कसं?

यावर लोकांनी शंका काढली. पिंपळे सौदागर पडलं पुण्याच्या जवळ. शेजारी खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना, तिथे गावचे लोक कामाला जाणारे. असलं गाव सगळ्या देशाचा नमुना कसं मानायचं? शंका रास्त होती. मॅन यांनी वाद घातला नाही, दुसरं गाव धरलं. शिरूर तालुक्यातलं जातेगाव बुद्रुक, शहरापासून लांब, कोरडवाहू मुलखातलं. या वेळी पुस्तकावर त्यांच्याबरोबर कानिटकरांचं नाव होतं, आणि ते १९२१ साली निघालं. तिथली कुटुंबं १४७. शेतीवर नीट उभी १०. बाहेरच्या कामाच्या जोडीने तगलेली १२. आणि मेळ न बसणारी १२५. शंभरात पंच्याऐंशी.

गुरुजी, वर्गात हे दोन हिशेब फळ्यावर शेजारी-शेजारी मांडून पाहा. शेतीवर उभी असलेली घरं दोन्हीकडे मूठभरच. फरक पडला तो मधल्या ओळीत. पिंपळ्यात २८, जातेगावात १२. खडकीचा कारखाना ज्यांच्या हाकेच्या अंतरावर होता ती घरं तरली, ज्यांना कारखाना नव्हता ती बुडाली.

आणि इथे खरा मतभेद सुरू होतो. सरकारी अधिकाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा कल असा, की तुकडे थांबवा, जमिनी जोडा, म्हणजे रोग बरा होईल. त्याच सुमारास, १९१८ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लहान खातेदारीवर एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं निराळं होतं. खातं लहान की मोठं हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. ते कसायला औत, बैल आणि भांडवल किती आहे यावर ठरतं. साधनं नसतील तर जोडलेली जमीनही पडूनच राहणार. मूळ रोग म्हणजे जमिनीवर पोटासाठी टेकलेली जादा माणसं. त्यांना उद्योगधंद्यात काम द्या, जमिनीवरचा भार आपोआप हलका होईल. पिंपळ्याच्या त्या २८ घरांकडे पाहिलं, की बाबासाहेबांचं म्हणणं माझ्या मनाला जास्त पटतं.

कायदा मात्र पहिल्या मताचा झाला. १९४७ साली मुंबई प्रांतात तुकडेबंदी आणि तुकडेजोडीचा कायदा आला. तुमच्या सातबाऱ्यावर जुन्या सर्व्हे नंबराच्या जागी गट नंबर दिसत असेल, तर तो त्याच कायद्याने झालेल्या गटवारीचा. गटवारीत कोणाला चांगली जमीन गेली आणि कोणाच्या माथी खडक आला, याच्या तक्रारी गावोगाव ऐकू येतात. त्या खोट्या आहेत असं मी म्हणणार नाही.

मोजण्याचा हा रिवाज पुढे चालू राहिला. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने, १९३० साली ती स्थापन झाल्यानंतर, धनंजयराव गाडगिळांच्या मार्गदर्शनाखाली वाई तालुक्यातल्या शेतीधंद्याची पाहणी केली. मग गाडगीळ आणि वि. म. दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातल्या प्राथमिक शिक्षणाची चौकशी केली, ती १९५५ साली प्रसिद्ध झाली. किती मुलं मध्येच गळतात आणि शाळा सुटल्यावर अक्षरओळख किती टिकते, हे प्रश्न त्यांनी पोटाच्या हिशेबाइतक्याच चिकाटीने विचारले. दामोदर कोसंबी तर पुण्याच्या आसपास पायी हिंडून म्हसोबा, बोल्हाई अशा दैवतांची ठाणी पाहत आणि त्यांच्या आसपास अश्मयुगातली बारीक दगडी हत्यारं शोधत. देवाचं ठाणं इथेच का, हा प्रश्नही त्यांनी वाटा आणि माणसांच्या पोटापाण्याशी जोडून पाहिला. १९६२ सालच्या त्यांच्या पुस्तकात हे सगळं आलं आहे.

कानिटकर जातेगावचा हिशेब करून थांबले नाहीत. कोरडवाहू शेतीत ओल कशी टिकवावी, यासाठी त्यांनी आधी मांजरीला आणि मग सोलापूरला वर्षानुवर्षं प्रयोग केले. मॅन इंग्लंडला परतले आणि तिथेही शेतकी प्रयोगशाळेतच रमले. १९६१ साली ते वारले.

आणि पिंपळे सौदागर? १९५४ साली जवळच पिंपरीला पेनिसिलीनचा कारखाना उभा राहिला, त्यामागून आणखी कारखाने आले, आणि गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत गेलं. ज्या जमिनीचे ७२९ तुकडे मॅन यांच्या मंडळींनी एकर-गुंठ्यांत मोजले, तिच्यावर आता दहा-दहा मजल्यांच्या इमारती आहेत. तिथे जागा चौरस फुटांनी मोजतात.